तीस पाउंडाचं धनुष्य आणि तेरा वर्षांची मुलगी: इंदूरमधल्या तिरंदाजीच्या सुरुवातीचं एक प्रकरण

प्रकरण असं आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारी आठवीतली मुलगी. वय १३, उंची १५२ सेंटिमीटर, उजव्या हाताची. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये विश्वविजेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं घेतली. मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ते फोटो फिरले आणि मुलीने हट्ट धरला. बाबांनी ऑनलाइन चौदा हजारांचा संच मागवला. खोक्यात लाकडी मुठीचं, जोडायचं-सोडायचं ६८ इंची रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य निघालं. वजन, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, ३० पाउंड. सोबत सहा कार्बन बाण, प्रत्येकी ३० इंच, ५०० स्पाइनचे (हा ताठपणाचा आकडा). दोरी चढवायचा स्ट्रिंगर नाही, आर्मगार्ड नाही, बोटांचा टॅब नाही. तीन आठवडे गच्चीवर प्रयोग झाले. डाव्या कोपराच्या आत काळानिळा वळ उठला, एक बाण कठड्यावरून मागच्या गल्लीत गेला, शेजाऱ्यांशी बोलाचाली झाली आणि धनुष्य कपाटात गेलं.

मुलगी आणि तिचं घर इथे नमुन्यादाखल उभं केलं आहे, कुणा एकाची ही हकीकत नाही. पण रेंजवर, म्हणजे तिरंदाजीच्या मैदानावर, नव्याने येणाऱ्या पालकांच्या हातात बहुतेक वेळा हाच संच असतो आणि प्रश्नही हाच असतो: आता पुढे काय?

एक गोष्ट आधीच सांगून टाकावी. फोटोतल्या अदिती आणि ओजसच्या हातात होतं ते कंपाउंड धनुष्य, दोन्ही टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं. घरी आलं ते रिकर्व्ह. दोन्हींत नेम धरायचा असतो, यापलीकडे सवय, साहित्य, अंतर, टार्गेट सगळंच वेगळं. खरेदीआधी हा एवढा फरक विचारायलाही कुणी भेटलं नाही. इंदूरमध्ये नव्या माणसाची खरी अडचण हीच आहे. धनुष्य दोन दिवसांत दारात येतं. ते कुठे मारायचं, कुणासमोर मारायचं आणि कोणत्या प्रकारात मारायचं, याचं उत्तर खोक्यात नसतं. आमचं मत स्पष्ट आहे: आधी जागा, मग प्रशिक्षक, मग अंगाला बसणारे बाण, आणि धनुष्य सगळ्यांत शेवटी.

काट्यावर काय निघालं

धनुष्यावर छापलेलं वजन २८ इंच खेचीवर, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, मोजलेलं असतं. या मुलीची खेच २८ इंच नाहीच. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि २.५ ने भागा. हिचे १५० सेंटिमीटर भरले, म्हणजे खेच ६० सेंटिमीटर, साधारण २४ इंच. तीस पाउंडाच्या धनुष्यात एका इंचामागे दोनेक पाउंड कमी-जास्त होतात. चार इंच कमी, म्हणजे तिच्या बोटांवर अंदाजे २२ पाउंड यायला हवेत.

अंदाजावर थांबू नये. प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा घरोघरी असतो, तो पुरतो. रेंजवरचा संवाद साधारण असा होतो.

"सर, धनुष्य घरी आणलंय, तेच घेऊन येऊ का?"

"ले आइए मैडम, पहले तौल लेते हैं।"

बाणावर मागच्या टोकाच्या खाचेपासून २४ इंचांवर पेनाने खूण करायची. दोरीच्या मध्यावर, खाच बसते तिथे काट्याचा आकडा अडकवायचा. एकाने मूठ धरायची, दुसऱ्याने काटा सरळ मागे खेचायचा, खूण मुठीशी आली की आकडा वाचायचा. दहा किलो. किलोला २.२ ने गुणलं की पाउंड निघतात, म्हणजे बावीस. काटा काढताना दोरी हाताने हळूहळू पुढे न्यायची, सोडून द्यायची नाही. बाण न लावता सोडलेली दोरी लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूला, तडा देते, आणि लाकडी धनुष्याला तो पहिल्याच वेळी जाऊ शकतो.

तेरा वर्षांच्या, कधी धनुष्य न धरलेल्या मुलीला बोटांवर १२ ते १४ पाउंड पुष्कळ झाले. छापील भाषेत १८ पाउंडाचं धनुष्य. हलक्या धनुष्यात इंचामागची घट दीड पाउंडाच्या आतबाहेर असते, त्यामुळे १८ चे तिच्या खेचीवर १२-१३ होतात. जास्त वजन घेतलं की शरीर स्वतःच पळवाटा काढतं आणि त्या रेंजवर लगेच दिसतात: धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे वाकते, हनुवटी दोरीकडे पुढे येते, आणि सोडायच्या क्षणी खेचणारा हात दोनेक सेंटिमीटर पुढे ढिला पडतो. शेवटच्या चुकीने बाण खाली पडतो. मग मूल साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, हलवत बसतं. साइटचा त्यात काही दोष नसतो.

तपासायची साधी कसोटी आहे. धनुष्य पूर्ण खेचून दोरी हनुवटीला लावायची आणि पंधरा सेकंद धरायची. खांदा न चढता, हात न थरथरता हे जमलं आणि मिनिटभर विश्रांती घेऊन सहा वेळा जमलं, तर वजन बरोबर. हिचा हात तिसऱ्या सेकंदाला थरथरला.

वळाचं कारण मात्र वेगळं होतं. दोरी कोपराच्या आतल्या बाजूला लागत होती, कारण कोपर खाली वळलेला होता. डावा हात भिंतीला टेकवून तळवा जागचा न हलवता फक्त कोपराची आतली बाजू उभी करायची, हा व्यायाम दोन-तीन दिवस केला की जमतो. दुसरं, दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, कमी होतं. ६८ इंची धनुष्याला ते साडेआठ ते नऊ इंच लागतं. इथे साडेसात होतं. दोरी उतरवून तिला पंधरा-वीस पीळ वाढवले की ते वर येतं. आर्मगार्ड हवाच, पण आर्मगार्ड लावून चूक झाकायची नसते.

बाण

तीस इंची, ५०० स्पाइनचा बाण या मुलीसाठी खांबासारखा ताठ. स्पाइन म्हणजे बाणाची लवचीकता: २८ इंचांवर दोन टेकूंवर ठेवलेल्या नळीच्या मध्यावर ८८० ग्रॅमचं वजन लटकवलं की ती किती इंच वाकते, त्याचे हजारांश. ५०० स्पाइन अर्धा इंच वाकतो, १००० स्पाइन पूर्ण एक इंच. दोरी सुटताच बाण मुठीभोवती वळसा घेत वाकत जातो. हलक्या धनुष्याला ताठ बाण लावला तर तो वाकतच नाही, रेस्टला, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराला, आपटतो आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडे जातो. गल्लीत गेलेल्या बाणात याचा वाटा किती आणि घाबरलेल्या हाताचा किती, ते सांगता येणार नाही. दोन्ही असावेत.

तिच्यासाठी बाण २६ इंचांचे कापून घ्यायचे, खेचीपेक्षा दोन इंच जास्त. नवख्या हातात खेच कमी-जास्त होते, बाण आखूड असला तर टोक रेस्टच्या मागे येऊन हातावर पडतं. कार्बनपेक्षा ॲल्युमिनियम बरं: १४१६ मापाची नळी, म्हणजे बाहेरचा व्यास १४/६४ इंच आणि पत्र्याची जाडी ०.०१६ इंच. ती वाकते, पण वाकलेली डोळ्यांना दिसते. कार्बन तडकतो तेव्हा वरून चकचकीतच असतो. म्हणून कार्बन बाण जमिनीला, लोखंडी स्टँडला किंवा दुसऱ्या बाणाला लागला की दोन्ही टोकं धरून हलकं वाकवायचं, फिरवत फिरवत, आणि कानाशी करकर ऐकायची. आवाज आला की बाण बाद. तुटलेल्या कार्बनच्या काड्या तळहातात शिरतात, हे भीती घालायला सांगत नाही.

खाच दोरीवर बसताना हलका टिक आवाज यावा. बाण दोरीला उभा लटकवला तर टिकावा आणि दोरीला बोटाने टिचकी मारली की सुटावा. त्याहून घट्ट खाच असेल तर सोडताना बाण दोरीला ओढतो, सैल असेल तर खेचतानाच निसटतो. तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचं पीस मुठीपासून बाहेरच्या बाजूला. दोरीवरचा नॉकिंग पॉइंट, म्हणजे खाच कुठे लावायची ती खूण, टी-स्केलने (दोरीला लावायच्या T आकाराच्या पट्टीने) काटकोनापेक्षा साधारण अर्धा इंच वर बांधायचा.

बारा बाण एकदम घ्यायचे. सहाच घेतले तर पहिल्या महिन्यात दोन हरवतात, एक वाकतो आणि तिघांवर सराव होत नाही. नंतर आणलेले सहा त्याच मापाचे निघतीलच असं नाही.

जागा

गच्ची बाद. कठडा तीन फुटांचा असतो, धनुष्य खेचताना वर गेलं आणि बोट निसटलं तर हलक्या धनुष्याचा बाणही दोन-तीन घरं ओलांडतो. गच्चीवर करायचं ते धनुष्याऐवजी रबर बँड खेचायचं काम, बाण नाही.

चिमणबागेसारखं सार्वजनिक मैदानही बाद. तिथे पहाटेपासून चालणारे, पळणारे आणि क्रिकेट. कितीही सकाळी गेलात तरी कोणीतरी चेंडू आणायला टार्गेटमागे येतोच.

उरतात तीन वाटा. एक, शाळेची जागा. इंदूरच्या बायपासकडच्या आणि राऊ भागातल्या मोठ्या शाळांकडे जमीन आहे. तिथे शिकणारं मूल असेल तर आधी क्रीडा शिक्षकांना भेटा. दोन, जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन सध्या तिरंदाजीचं प्रशिक्षण कोणत्या मैदानावर, कोणत्या वेळेला चालतं ते विचारा. फोनवर अर्धवट कळतं, समक्ष गेलं की प्रशिक्षकाचं नाव आणि वेळ दोन्ही मिळतात. तीन, चार-पाच पालकांनी मिळून खासगी जागा घ्यायची: लग्नाच्या लॉनची मागची बाजू, ओळखीच्या माणसाचं शेत, बंद पडलेलं गोदाम.

तिसऱ्या वाटेला खर्च कमी लागतो, पण नियम जास्त पाळावे लागतात. १८ मीटर मारण्यासाठी किमान २५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद जागा. टार्गेटमागे दोनअडीच मीटर उंच मातीचा बांध किंवा भरीव भिंत, आणि तिच्यापुढे मीटरभर अंतरावर जाळी. जाळी ताणून बांधायची नाही. ताणलेल्या जाळीतून बाण आरपार जातो, सैल सोडलेली, खाली लोळणारी जाळी तो अडवते. मारण्याची रेषा एकच आणि सगळे तिच्यावर. एक जण दहा मीटरवरून आणि दुसरा अठरावरून, असं कधीच नाही. अंतर बदलायचं तर टार्गेट हलवा. बाण आणायला जाण्याची शिट्टी एकच माणूस वाजवेल. बाण उपसताना मागे कोणी उभं नाही हे बघायचं, एक तळहात बट्रेसवर, म्हणजे बाण घुसतात त्या जाड ठोकळ्यावर, दाबायचा आणि नळी बट्रेसजवळ धरून सरळ मागे ओढायची. पिसांच्या टोकाला धरून हिसका दिला की नळी वाकते आणि मागच्याच्या डोळ्याशी खाच येते.

बट्रेस विकत घेतला तर फोमचा. घरी करायचा तर पुठ्ठ्याचा: नालीदार पुठ्ठ्याच्या २५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या, एकावर एक रचून ६० सेंटिमीटर उंच थप्पी करायची, वर-खाली फळी ठेवून दोन ट्रकच्या पट्ट्यांनी करकचून आवळायची. पट्ट्यांच्या कडा मारणाऱ्याकडे आल्या पाहिजेत, सपाट बाजू नाही. वीस पाउंडापर्यंतचे बाण हा पुठ्ठा आरामात थांबवतो. मे महिन्यात फोमचा त्रास वेगळा असतो: बाण घुसताना घर्षणाने फोम वितळून नळीला चिकटतो आणि उपसायला दोन माणसं लागतात. नळीच्या पुढच्या वीतभर भागावर कोरडा साबण घासला की सुटतो.

माळव्याची काळी माती हा या खेळाचा वेगळाच प्रतिस्पर्धी आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि चुकलेला बाण भेगेत शिरतो. पावसाळ्यात स्टँडचे पाय एका बाजूला रुततात आणि टार्गेट तिरकं होतं. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा आणि सोन्याच्या, म्हणजे पिवळ्या वर्तुळाच्या मध्याची उंची दर सत्राआधी टेपने बघा: जमिनीपासून १३० सेंटिमीटर. खाचेत चिखल गेला तर बाण दोरीवर नीट बसत नाही, म्हणून दाढीचा जुना ब्रश किटमध्ये ठेवायचा. गवताखाली सरपटत गेलेला बाण दाताळ्याने आडवं ओढून शोधायचा. सापडला की मागे नाही, पुढच्या दिशेने काढायचा. मागे ओढला तर पिसं गवतात सोलून निघतात.

पहिले बारा आठवडे

कुटुंबाने ३० पाउंडाचं धनुष्य परत कपाटात ठेवलं आणि रेंजवरचं १८ पाउंडाचं, ६२ इंची धनुष्य वापरायला घेतलं. एवढ्या आखूड खेचीला ६८ इंची धनुष्य लांब पडतं, त्याचे लिम्ब पुरेसे वाकतच नाहीत. वाढीच्या वयात धनुष्य विकत घेऊ नये याचं कारणही हेच. वर्षभरात हाताची लांबी बदलते, खेच इंच-दीड इंच वाढते आणि बाणही आखूड पडतात.

आधी डोळा तपासला. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत राहते तो प्रबळ. हिचा उजवा निघाला, म्हणजे धनुष्य डाव्या हातात आणि दोरी उजव्या. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर प्रशिक्षकाशी बोलून पहिल्याच दिवशी बाजू ठरवायची. सहा महिन्यांनी बदलणं फार जड जातं.

पहिले दोन आठवडे रबर बँड. पुढचे चार आठवडे तीन ते पाच मीटरवरून कोऱ्या बट्रेसवर, कागद न लावता. मुलं इथेच कंटाळतात आणि पालक विचारतात, "टार्गेट कधी लावणार?" कागद लावला की डोळा वर्तुळाकडे जातो आणि हात विसरतो, हे पालकांना एकदा कोरा बट्रेस आणि एकदा कागद दाखवून पटवावं लागतं. या काळात बघायच्या गोष्टी मोजक्या: दोरी बोटांच्या पहिल्या पेरावर, तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटं खाली, अंगठा आत मुडपलेला, दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला एकाच वेळी लागलेली, मूठ पकडलेली नाही, तळव्याच्या अंगठ्याकडच्या गादीवर टेकलेली. बोटांनी धनुष्य आवळू नये म्हणून अंगठा आणि तर्जनीला बुटाच्या नाडीची फिंगर स्लिंग बांधायची. बाण सुटल्यावर खेचणारा हात मानेच्या मागे सरकतो. तो बाहेर फेकला गेला, तर बाण आडवे विखुरतात.

जाता जाता: एकलव्याचा अंगठा गेल्यावर त्याची विद्या गेली, ही समजूत रेंजवर टिकत नाही. या तीन बोटांच्या पकडीत अंगठा लागतच नाही, आणि भिल्ल तिरंदाज अंगठा न वापरता मारतात असं सांगितलं जातं ते इथून जवळच्याच झाबुआ-अलीराजपूरकडचं.

सातव्या आठवड्यात कागद लागला, दहा मीटरवर १२२ सेंटिमीटरचा. मग १८ मीटर. सत्रं आठवड्याला तीन, प्रत्येकी दीड तास, ६० ते ८० बाण. याहून जास्त नको. दमल्यावर मारलेले बाण चुकीची सवय पक्की करतात. उन्हाळ्यात वेळ सकाळी सहा ते आठ. त्यानंतर ऊन आणि माळव्याचा पश्चिमेचा वारा दोन्ही वाढतात.

पुढच्या अंतरावर जाण्याची कसोटी: १८ मीटरवर सलग सहा बाण लाल वर्तुळात किंवा आत. १२२ च्या कागदावर सातचं वर्तुळ, म्हणजे लालची बाहेरची कड, ४८.८ सेंटिमीटर व्यासाचं असतं, प्रत्येक पुढचं १२.२ ने लहान, आणि दहाचं १२.२. सहा बाण एकदा लागले म्हणून पुरत नाही. ३६ बाणांत २५० गुण तीन वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवेत. साइट बाणामागे जाते: बाण खाली पडत असतील तर साइट खाली, उजवीकडे पडत असतील तर उजवीकडे. हे सगळेजण पहिल्यांदा उलटंच करतात.

३० मीटरवर नवी अडचण आली. हलक्या धनुष्याला अंतर वाढलं की साइट खाली खाली न्यावी लागते आणि एका टप्प्यावर ती बाणाच्याच वाटेत येते. मुलीला वाटलं आपण चुकतोय. चूक नव्हती, धनुष्याची पोच संपली होती. तेव्हाच दोन पाउंड वाढवले, बाराव्या आठवड्याच्या सुमारास. एका वेळी दोनच, आणि पुढची वाढ सहा ते आठ आठवड्यांनी.

वजन वाढलं की बाण पुन्हा तपासायचे. दोन बाणांची पिसं काढून १८ मीटरवर पिसांच्या बाणांसोबत मारायचे. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बिनपिसांचे बाण डावीकडे लागले तर बाण ताठ, उजवीकडे लागले तर मऊ. बिनपिसांचे खाली लागले तर नॉकिंग पॉइंट फार वर, वर लागले तर फार खाली. मात्र ज्याचे पिसांचे बाणच ताटभर पसरतात त्याने हे करू नये. त्यातून फक्त गोंधळ निघतो.

कोणता प्रकार

भारतात स्पर्धा तीन मुख्य प्रकारांत होतात. इंडियन राउंड: बांबू-लाकडाचं धनुष्य, साइट नाही, तोल सांभाळणारा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर नाही, वरिष्ठ गटात ५० आणि ३० मीटर. हा प्रकार देशाबाहेर नाही. रिकर्व्ह: वरिष्ठांना ७० मीटर, १८ वर्षांखालील गटाला ६०, कागद १२२ सेंटिमीटरचा. कंपाउंड: ५० मीटर, ८० सेंटिमीटरचा सहा वर्तुळांचा कागद. ऑलिम्पिकमध्ये १९७२ पासून रिकर्व्हच होतं, २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र दुहेरी स्पर्धा आली आहे, त्यामुळे कंपाउंडकडे पालकांचा ओढा वाढतोय.

कंपाउंड तेराव्या वर्षी नको. खेच कॅमवर बांधलेली असते, वाढत्या हाताला कॅमवरचे खेच ठरवणारे मॉड्यूल सारखे बदलावे लागतात, आणि स्पर्धेचा संच लाखाच्या पुढेच जातो.

खरा निर्णय इंडियन राउंड आणि रिकर्व्हमध्ये. इंडियन स्वस्त आहे, काही हजारांत धनुष्य आणि बाण येतात, आणि शालेय स्पर्धांत लवकर उतरता येतं. पण ते सोपं आहे असं समजून कोणी घेऊ नये. इंदूर संभागात धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन हे जिल्हे येतात. तिथली कितीतरी मुलं लहानपणापासून तीरकामठा बघत वाढलेली असतात, आणि संभागाच्या मैदानावर गाठ त्यांच्याशी असते. साइटशिवाय बाणाच्या टोकाने अंतर जुळवणं हे हजारो बाण मारल्यावरच येतं. कुणी नातेवाइकाने भगोरियाच्या हाटातून बांबूचा कामठा आणून दिला, तर तो भिंतीवर छान दिसतो. रेंजवर आणू नये. त्याच्या लोखंडी पात्याचे बाण बट्रेस फाडतात.

या मुलीसाठी निर्णय रिकर्व्हचा झाला, कारण रेंजवर रिकर्व्हचं धनुष्य वापरायला मिळत होतं आणि तिथला प्रशिक्षक रिकर्व्हचा होता. उलट असतं तर आम्ही इंडियनच सांगितलं असतं. प्रकार निवडताना मुलीच्या आवडीइतकाच त्या मैदानाचा विचार करावा.

कागद आणि स्पर्धा

दोन रांगा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत. शालेय रांग: शाळा, जिल्हा, संभाग, राज्य, राष्ट्रीय, गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. नाव शाळेमार्फतच जातं, म्हणून शाळेत तिरंदाजी नसली तरी मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. वय धरायची तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायची. दुसरी रांग संघाची: जिल्हा संघ, राज्य संघ, मग भारतीय तिरंदाजी संघ. इथले गट वेगळे, १८ आणि २१ वर्षांखालील वगैरे. जन्मदाखला, आधार, फोटो आणि शाळेचं प्रमाणपत्र यांच्या चार-चार प्रती आणि त्यांच्यावरचं स्पेलिंग एकसारखं. इंदूरच्या मराठी घरांत आडनाव एका कागदावर 'कुलकर्णी' आणि दुसऱ्यावर 'कुलकरणी' असतं, आणि ते नेमकं निवड चाचणीच्या सकाळी कळतं.

पैसे भरून स्पर्धेत भाग घेण्याआधी ती कोणाच्या मान्यतेने आहे ते विचारावं. भारतीय तिरंदाजी संघाला जागतिक संघटनेने २०१९ मध्ये निलंबित केलं होतं, २०२० च्या जानेवारीत निवडणुकीनंतर ते उठलं. त्यामागे एकाच खेळात दोन गट हेच कारण होतं. असा घोळ वर झाला की खालच्या मुलाच्या हातात राहणारं प्रमाणपत्र प्रवेशाला किंवा नोकरीला चालत नाही.

जबलपूरच्या राज्य तिरंदाजी अकादमीचं नाव घरात निघतंच. मुस्कान किरार जबलपूरचीच, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत महिलांच्या कंपाउंड संघात रौप्य मिळवणारी. अकादमी निवासी आहे आणि प्रवेश चाचणीतून होतो. ओव्हरनाइट एक्स्प्रेसने एका रात्रीत जाता येतं म्हणून तीन महिन्यांच्या सरावावर मुलीला चाचणीला नेऊ नये. ५० मीटरवर ३६ बाणांचा स्थिर स्कोअर वहीत लिहिलेला असेल, तेव्हा जावं. ती वही पहिल्या दिवसापासून ठेवायची: तारीख, अंतर, वजन, बाण, वारा, गुण.

पैसे

पहिल्या वर्षी या घराचा खर्च असा बसतो: ॲल्युमिनियमचे बारा बाण, टॅब, आर्मगार्ड, छातीचा गार्ड, कमरेचा भाता आणि स्ट्रिंगर मिळून आठ ते दहा हजार, पुठ्ठा-फोमचा छोटा बट्रेस तीन-चार हजार, मैदानाची आणि प्रशिक्षकाची फी वेगळी. दुसऱ्या वर्षी खेच स्थिरावू लागली की २३ किंवा २५ इंची धातूचा रायझर, म्हणजे मुठीचा मधला भाग, आणि बदलता येणारे लिम्ब घ्यायचे. असा मधल्या दर्जाचा संच साइट, रेस्ट, प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारं स्प्रिंगचं बटण), स्टॅबिलायझर धरून साठ हजार ते लाखाच्या घरात जातो. रायझर चांगला घ्यावा, लिम्ब स्वस्त. लिम्ब वजनासोबत बदलावेच लागतात आणि जुने लिम्ब रेंजवर हातोहात विकले जातात. क्लिकर, म्हणजे खेच पूर्ण झाली की टिक वाजणारी पट्टी, मात्र सुटण्याची लय बसल्याशिवाय लावायची नाही.

कपाटातल्या धनुष्याचं काय? त्याच मॉडेलचे १८-२० पाउंडाचे लिम्ब मिळाले तर मूठ तीच राहते आणि दीड-दोन वर्षांनी मुलीची उंची वाढल्यावर ते ६८ इंच तिला बरोबर होईल. तोवर दोरी उतरवून, सुती पिशवीत, भिंतीला टेकवून नव्हे तर आडवं ठेवायचं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत एक दुपार राहिलं तरी लिम्बचे थर सुटू शकतात. ५०० स्पाइनचे बाण रेंजवरच्या एखाद्या मोठ्या मुलाला द्यावेत, ज्याच्या बोटांवर चाळिशीच्या जवळपास पाउंड येतात. बदल्यात त्याचे पहिल्या वर्षातले मऊ बाण मिळाले तर उत्तम, फक्त घेताना प्रत्येक नळी काचेवर लोळवून सरळ आहे का ते बघायचं.